लेकीच्या मिशन ट्रिपसाठी वर्गणी मागायची आहे. पत्र कुणाकुणाला पाठवू?

सावेडीकर

सगळ्यांना सलाम. (नगरला आमची ख्रिस्ती माणसं भेटली की सलाम करतात. इतकी वर्षं झाली तरी सवय सुटलेली नाही.)

आम्ही सतरा वर्षं डॅलसजवळ राहतो. मूळ गाव अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. धाकटी लेक अकरावीत आहे. तिच्या चर्चच्या तरुण संघाचा चौदा जणांचा गट, अकरा मुलं आणि तीन मोठी माणसं, जूनमध्ये आठ दिवसांसाठी ग्वाटेमालाला जाणार आहे. सोलोला नावाचा डोंगराळ भाग आहे, आतित्लान तळ्याच्या वरच्या अंगाला. तिथल्या माया लोकांच्या वस्तीत धुराड्याच्या चुली बांधायच्या आणि संध्याकाळी तिथल्या मंडळीबरोबर (म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांबरोबर) उपासनेला बसायचं, असा कार्यक्रम आहे.

माणशी खर्च २,१५० डॉलर. त्यातले निम्मे, म्हणजे १,०७५, मुलांनी स्वतः उभे करायचे, आईबापांनी चेक फाडून मोकळं व्हायचं नाही, असा चर्चचा नियम आहे. नियम मला पटतो. माझी अडचण पुढे आहे.

पैसे उभे करायचे दोन मार्ग आहेत. एक, गटाने मिळून गाड्या धुणे, जेवण विकणे वगैरे. दुसरा, प्रत्येक मुलाने ओळखीच्या किमान तीस जणांना पत्र लिहायचं. 'सपोर्ट लेटर' म्हणतात त्याला. मी कुठे जाते आहे, का जाते आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा आणि जमलं तर पैशाची मदत करा, असं ते पत्र. इथल्या चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला त्यात काहीच वाटत नाही. मला मात्र पोटात गोळा येतो.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. पगार तुटपुंजा, पण दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा मिळकतीचा दहावा भाग, आधी बाजूला निघायचा. रविवारी आई आम्हा भावंडांच्या रुमालाच्या टोकाला अर्पणाचं नाणं गाठ मारून द्यायची, कारण हातातलं नाणं वाटेत पडतं. देणं आम्ही असं लहानपणापासून शिकलो. मागणं कुणी शिकवलंच नाही. वाण्याकडे उधारी मागायची वेळ आली तरी वडील दोनदा दुकानापुढून जाऊन परत यायचे.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. इथली आमची निम्मी घरोब्याची माणसं महाराष्ट्र मंडळातली, म्हणजे हिंदू. लेकीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलंय, आमच्याकडच्या नाताळाच्या करंज्या त्यांच्याकडे जातात आणि दिवाळीचा फराळ आमच्याकडे येतो. त्यांना पत्र पाठवलं तर 'मिशन' शब्द वाचून काय वाटेल? आणि नाही पाठवलं तर, आम्हाला का वगळलं, असं वाटेल का? लेक म्हणते सगळ्यांना पाठवू. नवरा म्हणतो चर्चच्या माणसांपुरतंच ठेव.

ज्यांनी हे केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

नीरजा_ह्यूस्टन

ताई, दोन्ही मुलांच्या वेळी यातून गेले आहे. अनुभवाचं सांगते.

पत्र व्हॉट्सअॅपवर ढकलू नका. कागदावर, शेवटच्या दोन ओळी तरी मुलीच्या हाताने, आणि आत आपलाच पत्ता घातलेलं तिकीट लावलेलं पाकीट. पैसे भरायच्या तारखेच्या दोन महिने आधी टपालात पडायला हवं. पत्र एका पानाच्या वर जाऊ द्यायचं नाही. रक्कम स्पष्ट लिहायची. 'यथाशक्ती' लिहिलं की माणूस गोंधळतो आणि पाकीट फ्रिजवर चुंबकाखाली राहून जातं.

आणि 'नाही' म्हणायला जागा ठेवा. माझ्या थोरल्याच्या पत्रात मी एक ओळ घातली होती: "या वेळी जमणार नसेल तर कळवायचीही गरज नाही, आपलं नातं आहे तसंच राहील." त्या ओळीबद्दल तीन जणांनी फोन करून आभार मानले, आणि त्यातल्या दोघांनी पैसे पाठवलेले नव्हते.

गटाच्या कार्यक्रमांपैकी गाड्या धुण्याचा फायदा उन्हाळा सुरू झाला की. जेवणात इथे सगळे स्पगेटी करतात. आम्ही व्हेज बिर्याणी आणि कोशिंबीर केली, तर बाहेरची माणसं जास्त आली.

सह्याद्री_७१

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हे धर्मांतराचं काम आहे का? असेल तर मी तरी पैसे देणार नाही, आणि माझ्यासारख्याला पत्र पाठवून संकोचात टाकू नये असं वाटतं. चुली बांधायच्या असतील तर आनंदाने देईन. पण चूल पुढे आणि प्रचार मागे, असं असेल तर ते आधी कळायला हवं.

सावेडीकर

सह्याद्रीदादा, राग कशाला? हाच प्रश्न मला हवा होता.

आहे तसं सांगते. ज्या वस्तीत जायचंय तिथे बहुतेक लोक आधीपासून ख्रिस्तीच आहेत, काही कॅथलिक, काही इव्हँजेलिकल. बोलावणं तिथल्या मंडळीकडून आलंय. संध्याकाळची उपासना असते आणि मुलं तिथे गाणी म्हणतील, साक्ष देतील, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगतील. हे मी लपवणार नाही, कारण तो आमच्या श्रद्धेचा भाग आहे आणि लेक त्यासाठीही जाते आहे. चूल कुणाच्या घरी बांधायची ते तिथलीच समिती ठरवते. चर्चला न येणाऱ्या घरांचीही नावं यादीत आहेत, मी गटप्रमुखांना मुद्दाम विचारून घेतलं. चुलीच्या बदल्यात कुणी उपासनेला यावं अशी अट असती, तर मी लेकीला पाठवलंच नसतं.

तुमच्या प्रश्नामुळे एक ठरलं. हे सगळं पत्रात पहिल्याच परिच्छेदात येईल.

सह्याद्री_७१

उत्तर पटलं. मी काय करेन ते पत्र वाचून ठरवेन. पण पत्र पाठवा.

हिशेबनीस

मी इथे सीपीए, म्हणजे सनदी लेखापाल आहे, दोन चर्चचे हिशेब बघतो. करापुरतं सांगतो, कारण याच ठिकाणी चांगल्या माणसांच्या हातून चुका होतात.

चेक चर्चच्या नावाने यायला हवा. मुलीच्या नावाने किंवा तुमच्या खात्यात आलेला पैसा ही भेट झाली, देणगी नाही, देणाऱ्याला करात वजावट मिळत नाही. गोफंडमीवर (वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर) मुलीच्या नावाने पान उघडलंत तर तेच, आणि शिवाय दर देणगीमागे २.९ टक्के अधिक ३० सेंट कापले जातात.

चर्चच्या नावाने आलेला पैसाही 'अमुक मुलीसाठीच' असा बांधलेला असता कामा नये. पैशावर ताबा चर्चचा, तो सहलीच्या कामासाठी, आणि मुलगी आजारी पडून गेली नाही तरी परत मिळणार नाही, हे पत्रात लिहिलेलं असावं. चेकच्या खालच्या ओळीत मुलीचं नाव लिहू नका म्हणून सांगा. कुणामुळे पैसे आले ते चर्चला कळावं यासाठी सोबत वेगळी चिठ्ठी घालतात.

एका वेळी २५० डॉलर किंवा जास्त दिले असतील तर चर्चची लेखी पोच लागते, नुसता चेक पुरत नाही. जेवणाचं ताट २० डॉलरला विकलं आणि बाहेर त्या ताटाची किंमत १२ असेल, तर देणगी ८ डॉलरचीच. लॉटरीची तिकिटं देणगीत धरत नाहीत आणि त्यांचे प्रत्येक राज्याचे कायदे वेगळे, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका.

आणखी एक, हे नवीन आहे. २०२६ पासून स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरलेली वजावट) घेणाऱ्यांनाही रोख देणगी वजा करता येते, एकट्याला १,००० आणि नवरा-बायकोला मिळून २,००० डॉलरपर्यंत. बहुतेक मंडळी स्टँडर्डच घेतात, त्यामुळे पत्रात एक ओळ टाकायला हरकत नाही. देणगीला कंपनीकडून जोड-रक्कम, म्हणजे कंपनीची स्वतःची भर, मिळते का ते मात्र आधी विचारून घ्या, धार्मिक कामाला बऱ्याच कंपन्या देत नाहीत.

जुना_बोर्डर

ताई, मी या पत्राच्या दुसऱ्या टोकाला होतो, म्हणून लिहितो आहे.

सत्तरच्या दशकात नगर जिल्ह्यातल्या एका मिशन बोर्डिंगात मी सहा वर्षं काढली. नाव लिहीत नाही. त्या बोर्डिंगाने मला शिकवलं, जेवू घातलं, आज मी जो आहे तो त्यामुळे. अमेरिकेतलं एक कुटुंब माझा खर्च द्यायचं. वर्षातून दोनदा त्यांना पत्र लिहायचं. मास्तर फळ्यावर मजकूर लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो.

एकदा फोटो काढायचा होता. माझ्या पायात नव्या चपला होत्या, मामाने आठवडे बाजारातून आणलेल्या. रांगेत उभं राहिल्यावर एका कर्मचाऱ्याने मला चपला काढून भिंतीमागे ठेवायला सांगितलं. का, ते तेव्हा कळलं नाही. चपला कुणी उचलून नेईल म्हणून फोटोभर माझी मान भिंतीकडे वळलेली. तो फोटो त्या कुटुंबाने जपून ठेवला होता. १९९८ साली त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी प्रेमाने दाखवला. बाई म्हणाल्या, तू किती लाजाळू होतास. मी काही बोललो नाही. देणारी माणसं फार चांगली होती, त्यांना काय ठाऊक.

तुमच्या लेकीला एवढंच सांगा, की पत्रात तिथल्या कुठल्या मुलाचा फोटो घालू नकोस. चुलीचा घाल, डोंगराचा घाल, स्वतःचा घाल. आणि तिथल्या लोकांबद्दल असं एकही वाक्य लिहू नकोस जे त्यांच्या समोर उभं राहून वाचता येणार नाही.

सावेडीकर

दादा, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. तिला मराठी वाचता येत नाही, समजतं सगळं. ती उठून खोलीत गेली आणि चर्चने दिलेल्या नमुना पत्रावरचा फोटो घेऊन आली. शेंबडं नाक, मोठे डोळे, खाली काही नाव नाही. तो फोटो कुठल्या देशातला आहे हेही त्यावर नव्हतं. तिने गटप्रमुखांना त्याच रात्री लिहिलं. आता गटातल्या एकाही मुलाच्या पत्रात तो जाणार नाही.

मनापासून आभार.

मिरजकर_सिस्टर

मी मिरजेला नर्सिंग केलं, आता मस्कतला आहे. चुलींबद्दल थोडं.

काम निवडलंय ते चांगलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगभर ३२ लाख माणसं दगावली. आणि ग्वाटेमालातच यावर मोठा अभ्यास झालाय. सान मार्कोस भागातली ५३४ घरं घेतली, काहींना आधी धुराड्याची चूल दिली, बाकीची तीन दगडांवर स्वयंपाक करत राहिली. लहान मुलांच्या एकूण न्यूमोनियात ठाम फरक दिसला नाही, पण गंभीर न्यूमोनिया कमी झाला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली आलंय.

पण आपल्या ओडिशातला अनुभवही बघा. तिथे हजारो घरांना सुधारित चुली दिल्या. पहिल्या वर्षी धूर कमी झाला आणि पुढे फरक पुसला गेला, कारण चुली फुटल्या, धुराडी काजळीने बुजली, दुरुस्ती कुणी केली नाही. बायका पुन्हा जुन्या चुलीवर गेल्या. म्हणून विचारा: तुमचा गट परत आल्यावर धुराड्याचा पाइप कोण बदलणार? त्याचे पैसे २,१५० मध्ये आहेत का?

अनामिक_वाचक

सिस्टरांचा मुद्दा पुढे नेतो. तपशीलवार खर्च टाकाल का? विमानाला किती आणि चुलीला किती?

होंडुरासमध्ये १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर बाहेरच्या गटांनी जाऊन घरं बांधली आणि स्थानिक संस्थांनीही बांधली. कर्ट व्हर बीक नावाच्या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्या कुटुंबांना गाठून विचारलं. घर कुणी बांधलं यामुळे त्यांच्या आयुष्यात काही वेगळा फरक पडलेला नव्हता. उलट त्यांचं म्हणणं असं, की येण्या-जाण्याचा पैसा पाठवला असता तर आणखी घरं उभी राहिली असती. ते स्वतः चर्चशी जोडलेले, मिशनच्या कामाला आतून ओळखणारे गृहस्थ, म्हणून मला त्यांचं म्हणणं वजनदार वाटतं.

सावेडीकर

खर्च असा आहे, माणशी: विमान ६९०, राहणं-जेवण ४४०, गाडी आणि चालक १४०, तिथले गवंडी आणि दुभाषी यांची मजुरी १८०, चुलींचं सामान ५००, विमा आणि किरकोळ २००.

म्हणजे चौदा जणांचं विमानाचं भाडं ९,६६० आणि चुलींना ७,०००. हे आकडे मी आजवर असे शेजारी-शेजारी मांडले नव्हते. रात्री झोप लागली नाही.

गटप्रमुखांशी बोलले. त्यांनी टाळाटाळ केली नाही. ते म्हणाले, हे चर्च त्या वस्तीशी नऊ वर्षं जोडलेलं आहे, ज्या वर्षी गट जात नाही त्या वर्षीही चुलींचे पैसे जातात. मुलांनी जाण्याने तिथे जे होतं त्यापेक्षा मुलांमध्ये जे होतं ते जास्त, हे त्यांनी कबूल केलं. मग मी म्हटलं, तेच पत्रात लिहूया. माझी मुलगी शिकायला जाते आहे, तिच्या शिकण्याला आणि त्या चुलींना, दोन्हीला तुम्ही पैसे देताय.

पाइपच्या दुरुस्तीचे पैसे नव्हते. सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून आता ठरलंय, की मुलांनी ठरल्यापेक्षा जास्त जमवलेला प्रत्येक डॉलर दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात जाईल. तिथलाच गवंडी सहा महिन्यांनी घरोघर फिरेल, त्याची मजुरी त्यातून.

पुणे_५२

मी धागाकर्तीचा मावसभाऊ. मला भाचीसाठी पाच हजार रुपये पाठवायचेत. ट्रस्टला दिल्यासारखे ८०जी मध्ये (आयकरातल्या देणगीच्या वजावटीत) धरता येतील का? आणि एक प्रश्न. एवढ्या लांब ग्वाटेमालाला कशाला, ही मुलं नगरला का येत नाहीत? आजीला नात तरी दिसेल.

हिशेबनीस

८०जी परदेशी संस्थेला लागू नाही. एलआरएसखाली (भारतातून परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि त्यात देणगी बसते, पण पाच हजारांवर बँकेचा खर्च एवढा लागेल की मन खट्टू होईल. नगरलाच कुठेतरी द्या.

नगरला येण्याचं म्हणाल, तर गट टुरिस्ट व्हिसावर येऊन हे काम करू शकत नाही. भारतात त्यासाठी वेगळा मिशनरी व्हिसा असतो. चर्चने पैसे पाठवायचे म्हटले तर घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. नातीने आजीला भेटायला यावं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

वसईची_लेक

आमच्याकडे वसईत पॅरिशच्या कामाला पैसे लागले की लिलाव. वाडीतला केळीचा घड, अंडी, कोंबडा, कुणी केलेलं लोणचं. एकदा एका आजींनी एकच पपई आणली होती. ज्याने बोली लावून घेतली त्याने ती परत टेबलावर ठेवली, पुन्हा बोली. सात वेळा विकली गेली ती पपई आणि शेवटी फादरनी ती आजींनाच नेऊन दिली. तुमच्या नगरकडेही कापणीच्या सणाला असंच असतं ना? इथे टेक्सासात करून बघा, गोऱ्या लोकांना फार आवडेल.

सावेडीकर

हो गं! उपकारस्तुतीच्या भक्तीनंतर लिलाव. ज्वारीची पायली, गावरान कोंबडी, भोपळा. तू आठवण करून दिलीस, उद्याच गटाला सांगते.

ग्रंथालय_कोपरा

सावेडीकरताई, तुम्ही म्हणता मागणं कुणी शिकवलं नाही. मला वाटतं, या मागण्याचा आणि नगरचा संबंध फार जुना आहे.

६ फेब्रुवारी १८१२ ला मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांची मिशनरी म्हणून दीक्षा झाली. त्यांच्या प्रवासाला पुरेसा पैसा त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन मिशन बोर्डाकडे तेव्हा नव्हता, तो गावोगावच्या मंडळ्यांतून वर्गणीने उभा राहिला. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन झालं. १८३१ मध्ये ते नगरला पोचलं. नंतर याच बोर्डाने १८५६ साली पॅसिफिकमधल्या बेटांसाठी 'मॉर्निंग स्टार' नावाचं जहाज बांधलं, त्याचे दहा-दहा सेंटचे हिस्से रविवारच्या शाळेतल्या मुलांनी घेतले होते.

आणि मागण्यात सगळ्यात मोठं नाव आपल्याच बाईचं. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेभर फिरल्या, सभा घेतल्या, भारतातल्या विधवांची स्थिती मांडली आणि शाळेसाठी सरळ मदत मागितली. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. गावोगाव रमाबाई मंडळं निघाली, सभासदाने वर्षाला किमान एक डॉलर, दहा वर्षं द्यायचा. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदासदन उघडलं. मला त्यातला मुदतीचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. किती, कशासाठी आणि किती वर्षं, तिन्ही आधी सांगितलेलं.

नीरजा_ह्यूस्टन

वा, हे ठाऊक नव्हतं. ताई, पत्र झालं की इथे टाका.

सावेडीकर

टाकते. मूळ इंग्रजी लेकीचं, आजीसाठी मी मराठीत केलं ते हे:

"प्रिय आजी,
मी जूनमध्ये आठ दिवस ग्वाटेमालाला चर्चच्या गटाबरोबर जाणार आहे. आम्ही अठ्ठावीस घरांत धुराड्याच्या चुली बांधणार आहोत. चूल बांधायचं खरं काम तिथले गवंडी करतील, मी विटा आणि वाळू वाहीन आणि ते सांगतील तसं करीन. संध्याकाळी आम्ही तिथल्या मंडळीबरोबर उपासना करू. मी ख्रिस्ती आहे म्हणून जाते आहे. चूल मात्र सगळ्यांसाठी आहे, कुणी कुठेही जात असो.
माझा खर्च २,१५० डॉलर आहे. त्यातले ५०० चुलींचे आणि ६९० विमानाचे. मला १,०७५ जमवायचे आहेत. जास्त जमले तर ते चुलींच्या दुरुस्तीला जातील. मी जाऊ शकले नाही तर पैसे परत मिळणार नाहीत, ते कामालाच लागतील.
तुला जमणार नसेल तरी काही नाही. ऑगस्टमध्ये मी तुला हिशेब पाठवीन.
तुझी नात"

चौतीस पत्रं काल टपालात टाकली. नऊ मंडळातल्या माणसांना. पाकिटं चिकटवताना माझा हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू.

सावेडीकर

धागा वर काढते आहे. ऑगस्ट आला, हिशेब द्यायचाय.

चौतीस पत्रांपैकी एकोणीस उत्तरं. १,२४० डॉलर. गटाच्या जेवणातून आणि लिलावातून खर्च वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला १२०. (लिलावात एका आजोबांच्या परसातला एकच लिंबू पाच वेळा विकला गेला. वसईची_लेक, हे तुझं.) एकूण १,३६०. ठरल्यापेक्षा २८५ जास्त, ते दुरुस्तीच्या खात्यात गेले. मंडळातल्या नऊ जणांपैकी सहांनी पैसे पाठवले. एका काकूंनी चेकसोबत चिठ्ठी घातली होती: "चुलीसाठी. आणि तुझ्या पहिल्या एकटीच्या प्रवासासाठी." राहिलेल्या तिघांपैकी एक जण परवा भेटले, अगदी नेहमीसारखे. मला जो धाक होता तसं काही झालं नाही.

आजीने पैसे पाठवले नाहीत. रविवारी नातीच्या नावाने पाचशे रुपये तिथल्याच अर्पणाच्या थैलीत टाकले आणि पाळकांना सांगून प्रार्थना करवली. मावसभावाने पाच हजार तिथल्याच एका मुलीच्या नर्सिंगच्या फीला दिले.

अठ्ठावीस चुली झाल्या. लेकीने पहिल्या दिवशी सिमेंट कालवताना पाणी जास्त घातलं, गवंड्याने हसून घमेलं काढून घेतलं आणि तिला विटा भिजवायला बसवलं. बोलणं दोन टप्प्यांत चालायचं, इंग्रजीचं स्पॅनिश आणि स्पॅनिशचं काक्चिकेल, म्हणजे तिथली माया भाषा. चौथ्या घरातल्या बाईंनी नव्या चुलीवर पहिली पोळी भाजली ती लेकीच्या हातावर ठेवली. जुन्या चुलीचे तीन दगड त्यांनी टाकले नाहीत, धुऊन दाराशी ओळीने मांडले, बसायला.

जुना_बोर्डरदादा, देणाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात तोच फोटो आहे, दाराशी तीन दगड. बाईंना विचारून काढलेला.

आजीला फोनवर सगळं सांगितलं. तिने मध्येच थांबवून विचारलं, "त्यांची भाकरी मक्याची ना? मग पीठ गरम पाण्यात मळतात का गार?" लेकीला सांगता येईना. तिने दुभाष्याला ईमेल केली. आज उत्तर आलं: पीठ नसतंच, मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर ठेवतात, सकाळी धुऊन ओलाच वाटतात. आजीला आता ते करून बघायचंय. खायचा चुना किती घालायचा, एवढं कुणाला माहीत असेल तर सांगा.